कार्बनच्या घरची पाच भावंडे

परळचा भोईवाडा ठाऊक असलेली घरे आपल्या खेड्यापाड्यांत पुष्कळ सापडतील. कुणाचा आजा तिथल्या गिरणीत साच्यावर होता, कुणाचा चुलता कोकणातून किंवा घाटावरून जाऊन खानावळीत जेवत तिथे दिवस काढत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर हळूहळू त्या गिरण्याही गेल्या. पण गावाकडचे माणूस अजूनही तिकडे जाते, ते दुखणे घेऊन. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय ही दोन्ही भोईवाड्याच्या शेजारची. जनावरांचे डॉक्टर तयार करणारे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच. ते १८८६ सालचे.

वाचकहो, आज या वस्तीच्या आसपास फिरत फिरत आपल्याला रसायनशास्त्रातल्या एका घराण्याची ओळख करून घ्यायची आहे. रसायनशास्त्र म्हटले की शाळेतली बाटल्या-नळ्यांची खोली आठवते आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. पण या घराण्यातले कुठलेही भावंड तुम्हाला परके नाही. एक तुमच्या चुलीत आणि मातीत आहे, एक भाताच्या तुसात, एक जुन्या रेडिओत, एक भांड्याच्या कल्हईत आणि एक ट्रॅक्टरच्या बॅटरीत. यातली काही भावंडे शेतात जितकी मुरतील तितके बरे. पण एक घरात शिरले, तर लेकराच्या आणि वासराच्या जिवावर उठते. म्हणून कोण कसे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे.

चार हातांचे घराणे

ही पाच भावंडे म्हणजे कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील आणि शिसे. (शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत एक सहावेही घडवले आहे, पण ते काही क्षणच टिकते. आपल्याला त्याचे काम नाही.) यांना एका घरातली म्हणायचे कारण असे, की प्रत्येकाच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. आपण त्यांना चार हात म्हणू. या हातांनी एक अणू दुसऱ्या अणूचा हात धरतो आणि नवा पदार्थ तयार होतो. साखर, शेण, लाकूड, वाळू, काच, शेंदूर हे सगळे असे हातात हात घालूनच झालेले.

हात चार असले तरी पकड मात्र सारखी नाही. थोरल्या कार्बनची पकड घट्ट. खाली उतरू तसा अणू जड होत जातो आणि पकड ढिली पडत जाते. शेवटच्या शिशापाशी येईपर्यंत चारपैकी दोन हात बहुधा अंगाशी आवरलेले असतात आणि दोनच पुढे येतात. ही दोन हातांची गोष्ट ध्यानात ठेवा. शिशाकडे येऊ तेव्हा ती कामाला येईल.

थोरला कार्बन

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपण म्हणतो. पण तोच कार्बन चारही हातांनी चार शेजाऱ्यांना पक्के धरून बसला की हिरा होतो. त्याने तीन हातांनी पत्र्यासारखे थर रचले की ग्रॅफाइट होते. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून कागदावर रेघ उमटते. मुलांच्या दप्तरातली शिसपेन्सिल ती हीच. नावात शिसे असले तरी तिच्या कांडीत शिसे नसते, कार्बन असतो.

गिरणगावच्या उंच चिमण्यांखाली एके काळी दगडी कोळसा जळत असे. कोळसा जळणे म्हणजे कार्बनच्या एका अणूने प्राणवायूचे दोन अणू धरणे. त्यातून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड होतो. पण हवा अपुरी पडली की कार्बनला प्राणवायूचा एकच अणू मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. प्राणवायू रक्ताला जितका चिकटतो, त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे हा चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. माणसाला डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतच सगळे संपते.

थंडीत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. शेक द्यायचा तर निखारे बाहेर चांगले फुलवून आणा, खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढा. कोंबडीच्या पिलांना ऊब देताना पोल्ट्रीतही हाच नियम. कुणाला गुंगी आलेली दिसली तर आधी दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा. तिथे प्राणवायू देता येतो.

कर्बवायू असा विषारी नाही, पण तो हवेच्या दीडपट जड. म्हणून खड्ड्यात, आडात, पेवात तळाला साचून राहतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. बंद पेवातला माल श्वास घेतो, प्राणवायू संपवतो आणि कर्बवायू सोडतो. म्हणूनच माल किडीपासून वाचतो, आणि म्हणूनच उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस वाचत नाही. पेव उघडून पुरेसा वेळ वारा खेळू द्यावा. जुने लोक आधी कंदील सोडून बघत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे बरोबर. पण कंदील तेवत राहिला म्हणजे धोका मुळीच नाही, असे समजू नका. कमरेला दोर बांधून, वर दोन माणसे ठेवूनच उतरा. आत कुणी पडला तर दुसऱ्याने तसेच उडी मारून जाऊ नये. एकामागून एक माणसे जातात ती अशीच.

शेणातला आणि मातीतला कार्बन

कार्बनने चारही हातांत हायड्रोजन धरला की मिथेन होतो. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून थोडा जास्त मिथेनच असतो, बाकी बहुतेक कर्बवायू. या गॅसची आपल्याकडची एक जुनी हकीकत भोईवाड्यापासून फार लांबची नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून त्यावर दिवे लावले होते. पुढे देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्रासाठी आयुष्यभर काम केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गोबरगॅसच्या टाकीत मात्र कंदील सोडून बघू नका. मिथेन पेट घेतो. टाकी साफ करायची तर ती रिकामी करून, हवा खेळवून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच काम करा.

आता मातीकडे वळू. माती परीक्षणाच्या पत्रिकेत 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. त्यापुढे ०.४० टक्क्यांपेक्षा कमी आकडा असेल तर जमीन उपाशी आहे, असे समजा. हा कर्ब म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेण आणि मुळ्या. तो ओल धरतो, माती भुसभुशीत ठेवतो आणि जिवाणूंना पोसतो. उसाचे पाचट पेटवले की वर्षभर पिकाने हवेतून गोळा केलेला कार्बन तासाभरात पुन्हा हवेत जातो. त्याबरोबर नत्रही जाते. मागे उरते ती मूठभर राख.

पाचट कुजत नाही, अशी तक्रार असते. त्याचे कारण साधे आहे. जिवाणूंना कार्बन म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे कालवण. पाचटात भाकऱ्यांची चवड आहे, पण कालवण नाही. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ओल राखायची. मग तेच पाचट जमिनीच्या पोटात जाते.

दुसरा सिलिकॉन

वाळू, गारगोटी, काचेची शिशी, या सगळ्यांत सिलिकॉन असतो. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल तोच. गंमत पाहा. कार्बनने प्राणवायूचे दोन अणू धरले की वायू होतो, जो आपण नाकाने सोडतो. सिलिकॉनचेही प्राणवायूशी प्रमाण एकास दोन असेच, पण त्याचा होतो दगड. कार्बन दोन-दोन हातांनी एकेक प्राणवायू धरतो, त्यामुळे त्याचे कुटुंब आटोपशीर राहून हवेत सुटे फिरते. सिलिकॉनला दुहेरी पकड नीट जमत नाही. तो चार हातांनी चार प्राणवायू धरतो, ते पुढच्या सिलिकॉनला धरतात, आणि असे जाळे विणत विणत गारगोटी होते.

ही गारगोटी भातालाही लागते. भाताच्या मुळ्या पाण्यात विरघळलेला सिलिकॉन शोषतात आणि पानाच्या, खोडाच्या सालीत त्याचा थर बसवतात. पात्याची कड बोट कापते ती त्यामुळेच. हा थर चांगला असला की भात लोळत कमी, आणि करपा व खोडकिडा यांना तोंड देण्याची ताकदही वाढते. भाताच्या तुसाची राख केली तर तिच्यात बहुतांश सिलिकाच असते. डॉ. एन. के. सावंत यांनी पुढे आणलेल्या चारसूत्री भातशेतीचे पहिले सूत्र हेच, भाताचे अवशेष परत भातालाच द्यायचे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायची.

काळी राख असे मुद्दाम म्हटले आहे. तूस मंद आचेवर जळाले की राख काळी राहते आणि तिच्यातला सिलिका मुळ्यांना उपलब्ध होतो. भडाग्नीत जळून ती पांढरी झाली की सिलिकाचे पक्के स्फटिक बनू लागतात आणि मग तो सहज विरघळत नाही. गिरणीतले तूस फुकट जाऊ देऊ नका.

तिसरे जर्मेनियम

रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेयेव यांनी १८६९ साली मूलद्रव्यांची कोष्टकात मांडणी केली. त्यात सिलिकॉन आणि कथील यांच्यामध्ये एक घर रिकामे पडले. १८७१ साली त्यांनी सांगितले की हे भावंड अजून सापडायचे आहे आणि त्याचा अणुभार ७२ च्या आसपास निघेल. १८८६ साली जर्मनीत विंक्लर यांना चांदीच्या एका खनिजात ते सापडले आणि भार जवळजवळ तितकाच भरला. परळला जनावरांच्या डॉक्टरांचे महाविद्यालय निघाले तेच हे वर्ष.

१९४७ साली जगातला पहिला ट्रान्झिस्टर झाला तो जर्मेनियमचा. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर रेडिओंतही तेच असे. शेताच्या बांधावर आकाशवाणीच्या बातम्या आणि बाजारभाव पोचले, त्यात या तिसऱ्या भावंडाचा वाटा मोठा. पुढे स्वस्त आणि उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने त्याची जागा घेतली. आज सौरपंपाच्या पाट्यांत उन्हाची वीज करतो तो सिलिकॉनच.

चौथे कथील

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. आंबट पदार्थात तांबे विरघळते आणि पोटात गेले तर उलट्या होतात. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो. नवसागर तांब्यावरचा गंज काढून धातू उघडा करतो. मग २३२ अंशांना वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले की चांदीसारखा मुलामा बसतो. असे कथील अन्नाला बाधत नाही.

घोटाळा होतो तो पुढे. कथील महाग, शिसे स्वस्त, आणि दिसायला दोन्ही सारखी. झाळकामाचा धातू पुष्कळदा या दोघांच्या मिश्रणाचाच असतो. असल्या धातूची कल्हई केली तर प्रत्येक आमटीबरोबर थोडे थोडे शिसे पोटात जाते. म्हणून कल्हईवाल्याला कांडी दाखवायला सांगा. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते. शिसे कागदावर ओढले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. या परीक्षेने थोडी भेसळ हमखास कळेल असे नाही, पण ढळढळीत फसवणूक कळते. तपासल्यावर हात धुवायला विसरू नका.

पाचवे शिसे

शिशालाही गुण आहेत. परळच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या खोलीत कामगार जड अंगरखा घालतात, त्यात शिसे असते. ते किरण अडवते. ट्रॅक्टरची बॅटरी शिशावरच चालते. बंद असते तोवर ते आपला चाकर. पण ते पोटात गेले, की वर सांगितलेले दोन हात पुढे करते.

आपल्या शरीरात दोन हात पुढे करणारा एक मोठा कामकरी आहे. तो म्हणजे कॅल्शियम, दुधातला चुना. हाडे, मेंदू, मज्जातंतू यांचे काम त्याच्यावर चालते. शिसे त्याचे सोंग घेते. शरीर फसते आणि कॅल्शियमच्या जागी त्याला हाडात बसवते, मेंदूच्या दारातून आत घेते. तिथे बसून ते काम तर करत नाहीच, उलट अडवते. वाढत्या अंगाला कॅल्शियमची भूक जास्त, म्हणून लेकरे शिसेही जास्त शोषतात. मूल मंद होते, चिडचिडे होते, रक्त कमी होते, आणि मेंदूचे झालेले नुकसान बहुधा भरून निघत नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. ज्या मुलाला लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळते, त्याच्या अंगात शिसे कमी शिरते. म्हणजे दूध, नाचणी, पालेभाजी हेही एक औषधच समजा.

हे घरात येते कुठून? जुन्या तेलरंगाच्या पोपड्यांतून, भेसळीच्या कल्हईतून आणि शेंदरातून. खरा शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो, तो मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. हळदीला तकाकी आणायला काही जण पिवळी रंगपूड वापरतात. ती लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असू शकते. कायद्याने हळदीत ती चालत नाही. आपला माल रंगावर नव्हे, गुणावर विका आणि पॉलिशला रंग लावू देऊ नका. पेट्रोलमधले शिसे देशभर २००० साली थांबले. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या दारांवरचा रंग तसाच आहे. तो कोरडा खरवडू नका. मुलांना लांब ठेवून, ओला करून काढा.

जनावरांच्या बाबतीत सगळ्यात मोठा चोर म्हणजे फुटकी बॅटरी. शिशाचे काही क्षार चवीला गोडसर असतात, म्हणून गुरे ते चाटतात. वासरू सैरभैर होते, डोळ्यांना दिसेनासे होते, दात खाते, भिंतीला डोके रेटते, झटके येतात. पिसाळल्यासारखे दिसते, म्हणून तोंडात हात घालू नका. लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि गोठ्याजवळ बॅटरी किंवा रंगाचा डबा होता का, हे आठवून सांगा. वेळेवर समजले तर ते मॅग्नेशियम सल्फेट देतात. पोटातले शिसे त्यातल्या सल्फेटचा हात धरते, न विरघळणारे होते आणि शेणावाटे निघून जाते. रक्तातले शिसे बांधून लघवीतून काढणारी सुईही आहे. उशीर झाला तर मात्र एक-दोन दिवसांतच जनावर हातचे जाते. अशा गाईचे दूध डॉक्टर सांगेपर्यंत घरात किंवा डेअरीत देऊ नये.

निकामी बॅटरी गोठ्याच्या वळचणीला टाकू नका, फोडून शिसे काढू नका, चुलीवर तर मुळीच वितळवू नका. ती विकणाऱ्याला परत करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि दुकानदार जुनीचे पैसेही वळते करून देतो.

आणि यंदाच्या बेंदराला, पोळ्याला बैलाची शिंगे रंगवाल, तेव्हा घरात उरलेला जुना तेलरंग वापरू नका. शिंगाचा रंग शेजारच्या बैलाच्या जिभेला लागतो, पोराच्या हाताला लागतो. गेरू कालवा. गेरूत लोखंड असते, शिसे नसते. बैलही देखणा दिसतो आणि लेकरूही सुखरूप राहते.